विहिरीला झरा बारीक: एमएसचा थकवा आणि विदर्भातलं ऊन

"दिसाले तं चांगली हाये, मंग दिवसभर पडून काऊन राह्यते?"

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस झालेल्या सुनेबद्दल, लेकीबद्दल किंवा घरच्या कर्त्या पोराबद्दल वऱ्हाडातल्या ओसरीवर हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. हातपाय जागेवर आहेत, ताप नाही, जखम नाही, आणि सकाळी याच बाईने सडा घालून पाणी भरलेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मग अकराच्या सुमारास ती भिंतीला टेकून बसते आणि समोरचा तांब्या उचलायलाही तिला मनाची तयारी करावी लागते. बोलताना शब्द सापडत नाही. दोन तास झोपून उठली तरी अंग तसंच जड. कामाच्या शिणाला झोप हा उतारा असतो, पण या थकव्याला तो लागू पडत नाही. दोन्हींतला पहिला फरक हाच.

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. फ्रान्सचे मेंदूविकारतज्ज्ञ झाँ-मार्टिन शार्को यांनी १८६८मध्ये या आजाराचं चित्र नीट मांडलं. २०२०च्या जागतिक मोजणीत रुग्णांची संख्या सुमारे २८ लाख होती. बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतं आणि बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत, म्हणजे ऐन कामाच्या वयात गाठतो. जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांना थकवा असतो आणि त्यांतले पुष्कळ जण सांगतात की पायाची ताकद कमी होणं किंवा मुंग्या येणं यापेक्षा थकव्यानेच जगणं जास्त अवघड केलं.

तरीही तो मोजायचा राहून जातो. एमएसमधलं अपंगत्व मोजायला जगभर जी शून्य ते दहाची मोजपट्टी वापरतात (जॉन कर्ट्झके यांची, १९८३ची) ती वरच्या टप्प्यांत बव्हंशी चालण्यावर बेतलेली आहे. त्यामुळे दोन-अडीच गुण असलेला, म्हणजे कागदावर जवळजवळ ठणठणीत माणूस दुपारी एकच्या पुढे कुठलंच काम करू शकत नाही, असं सर्रास घडतं. थकव्यासाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. त्यांतली १९८९ची एक (फटीग सिव्हिरिटी स्केल) सोपी आहे: नऊ विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, आणि सरासरी ४ किंवा त्याहून जास्त आली तर थकवा लक्षणीय समजायचा. दवाखान्यात बसल्या बसल्या पाच मिनिटांत ती भरून होते. डॉक्टरांनी काढली नाही तर आपण विचारावी.

पाट झिरपतो तेव्हा

विहिरीवरून वावराच्या शेवटच्या सरीपर्यंत कच्च्या पाटाने पाणी न्यायचं तर काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पाट जिथे भुसभुशीत तिथे पाणी जिरतं, आणि शेवटच्या सरीला धार पोचवायची तर मोटर जास्त वेळ चालवावी लागते. मज्जातंतूचं असंच आहे. जाड मायलिनच्या तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने धावू शकतो, कारण आवरणाला ठरावीक अंतरावर बारीक फटी असतात आणि विद्युतसंदेश एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उडी घेत जातो. मायलिन झडलं की मधल्या वाटेत हा प्रवाह झिरपतो. पुढच्या फटीपर्यंत पोचलेला जोर पुरेसा असला तर संदेश पुढे जातो, नसला तर तिथेच विझतो. म्हणून चालायला लागताना पाय सरळ पडतो आणि अर्ध्या किलोमीटरवर पंजा घासायला लागतो. तोच पाय असतो, पण वारंवार संदेश पाठवून तंतू दमलेला असतो.

हा झाला पायातला थकवा. डोक्यातला त्याहून गुंतागुंतीचा आहे. नेहमीची वाट खराब झाली की मेंदू तेच काम करायला आजूबाजूचे जास्त भाग कामाला लावतो. बोटं हलवण्यासारखी साधी कृती करतानाही थकवा असलेल्या रुग्णांच्या मेंदूत वेगळा आणि जास्त पसरलेला नकाशा उजळतो, असं स्कॅनमध्ये दिसलं आहे. मेंदूचा पुढचा भाग आणि खोलवरची केंद्रं, जिथे 'हे काम करण्याजोगं आहे का' याचा हिशोब चालतो, तिथला साखरेचा वापरही अशा रुग्णांत कमी आढळला आहे. शिवाय दाह चालू असताना प्रतिकारशक्ती जे रेणू सोडते, ते फ्लूच्या तापात अंग टाकून द्यायला लावणाऱ्या रेणूंच्याच जातीचे आहेत. एमआरआयमध्ये डाग किती दिसतात यावरून थकवा किती असेल हे मात्र नीट सांगता येत नाही. "डाग तर थोडेच आहेत" हे वाक्य थकव्याबाबत काहीच सिद्ध करत नाही.

अर्धा अंश पुरतो

१८९०मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी नोंदवलं की एमएसच्या काही रुग्णांची नजर श्रमानंतर धूसर होते आणि विश्रांती घेतली की परत येते. पुढे कळलं की खरा गुन्हेगार उष्णता आहे. मज्जातंतूत सोडियम आत सोडणारी सूक्ष्म दारं तापमान वाढलं की लवकर मिटतात, आत येणारा प्रवाह कमी होतो. धडधाकट तंतूकडे भरपूर शिल्लक असते, त्याला फरक पडत नाही. मायलिन झडलेला तंतू काठावर चाललेला असतो, आणि शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी त्याचा संदेश तुटतो. काही रुग्णांना घामही कमी येतो, त्यामुळे तापलेलं अंग निवायला आणखी वेळ लागतो.

हे सगळं थंड देशांतल्या पुस्तकांत 'गरम पाण्याने आंघोळ टाळा' एवढ्यावर संपतं. आपल्याकडे चंद्रपूर, नागपूर, अकोल्यात मे महिन्याचा पारा ४५च्या आसपास खेळतो आणि रात्रीही तिशीखाली यायला कुरकुरतो. इथे उष्णतेचा हिशोब रोजच्या कामात धरावा लागतो, आणि तो ऋतूप्रमाणे बदलतो.

एप्रिल-मेच्या दुपारी हवा कोरडी असते. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश, हवेचं ४४. म्हणजे नुसता पंखा अंगावर गरम झोत ओततो. तोच पंखा ओल्या कापडावर लागला तर चित्र उलटतं, कारण एक लिटर पाणी वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं, आणि आरामात बसलेलं शरीर तेवढी उष्णता सात-आठ तासांत तयार करतं. सगळीच उष्णता अंगातून जात नाही, काही हवेतूनही खेचली जाते, तरी मानेवर आणि डोक्यावर ओला दुपट्टा ठेवून दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा भिजवणं हा या दिवसांतला सगळ्यात स्वस्त इलाज आहे. सुकलेला दुपट्टा काही करत नाही. 'बांधला होता तरी फायदा झाला नाही' म्हणणाऱ्यांचा बहुतेक वेळा तो पुन्हा भिजवायचा राहिलेला असतो.

कूलरची एक चूक घरोघरी दिसते. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार-खिडक्या बंद करतात. अर्ध्या तासात खोलीतली हवा ओलीने भरते, घाम वाळायचा थांबतो आणि रुग्ण जास्तच गळतो. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी वीतभर तरी उघडी हवी, म्हणजे ओली हवा निघून जाते.

जुलै ते सप्टेंबर हाच कूलर कुचकामी. हवा आधीच दमट, पाणी वाळणार कुठे? तेव्हा वाळण्यावर नाही, थेट थंड पाण्याच्या स्पर्शावर भर द्यायचा: बादलीत पोटऱ्यांपर्यंत पाय, मनगटावर माठातलं पाणी, आणि कोरड्या अंगावर पंखा. पावसाळी निंदणाच्या दिवसांत थकवा का वाढतो हे पुष्कळांना उमगत नाही, कारण पारा तर ३२वर असतो. कारण घाम अंगावरच राहतो.

पाण्याबद्दल आणखी थोडं. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात दुपारी अंग पोळण्याइतकं तापतं. पहाटे भरलेली बादली किंवा सावलीतला रांजण हेच दुपारचं पाणी. आंघोळ कोमट पाण्याने सुरू करून हळूहळू गार पाण्यावर यावं, एकदम बर्फगार ओतू नये. त्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतात, आतली उष्णता आतच अडकते आणि आखडलेले पाय आणखी आखडतात. ज्या जागी स्पर्श कमी कळतो तिथे बर्फ थेट लावला तर त्वचा जळते आणि कळतही नाही. कामाला लागण्याआधी अर्धा तास अंग निववून घेणं हे तापल्यावर निववण्यापेक्षा जास्त उपयोगी. थंड पाणी घोट-घोट पित राहिलं की उष्णता सोसत नसलेले रुग्ण जास्त वेळ व्यायाम करू शकतात, हेही प्रयोगात दिसलं आहे.

उन्हाने वाढलेली लक्षणं अंग निवल्यावर, बहुधा तासाभरात, उतरतात आणि त्याने नवीन इजा होत नाही. आजाराचा खरा झटका वेगळा: नवीन लक्षण, ताप नसताना, सलग २४ तासांहून जास्त टिकणारं. हा फरक ओळखता आला पाहिजे, कारण खऱ्या झटक्याला शिरेतून मोठ्या मात्रेचं स्टेरॉइड देतात. उन्हाच्या थकव्याला ते देण्याचं कारणच नाही.

सलाइनने तरतरी का येते

गावात थकव्याचा ठरलेला इलाज म्हणजे एक सलाइन आणि त्यात लाल इंजेक्शन. रुग्ण शपथेवर सांगतात की त्याने बरं वाटतं, आणि ते खोटं बोलत नसतात. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, बाटली ते भरून काढते, शिवाय दोन तास सावलीत आडवं पडायला मिळतं. हेच काम लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि तीच दोन तासांची विश्रांती करते. लाल रंग बी जीवनसत्त्वांचा. रक्तात ब-१२ खरोखर कमी असेल तर त्याचा उपयोग आहे, नसेल तर नाही. खरी भीती आहे ती बाटलीत न सांगता टाकलेल्या स्टेरॉइडची. दोन दिवस अंगात घोडा संचारतो, तिसऱ्या दिवशी माणूस कोसळतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी असं घेत राहिलं तर साखर, रक्तदाब, हाडं आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सगळ्यांवर परिणाम होतो. काय टोचलं ते विचारा आणि लिहून घ्या.

त्याआधी एक काम करायचं. थकव्यातला एमएसचा वाटा किती आणि इतर गळत्यांचा किती, हे वेगळं काढायचं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब-१२, ड जीवनसत्त्व, साखर आणि लघवीची तपासणी. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही बघावा, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत. ब-१२ची तीव्र कमतरता स्वतःच मज्जारज्जूतलं मायलिन बिघडवते, म्हणून ती राहून जाणं परवडणारं नाही. पाय आखडू नयेत म्हणून दिलेलं बॅक्लोफेन, चमका आणि आग होण्यावरचं गॅबापेन्टिन, ही औषधंही गुंगी आणतात. मात्रा किंवा वेळ बदलून ते सुधारतं, पण बॅक्लोफेन आपल्या मनाने अचानक बंद करू नये, त्याने फिट येऊ शकते.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते रात्रीच्या लघवीकडे. चार वेळा उठणाऱ्या माणसाची झोप झालेलीच नसते, आणि त्याला आपण एमएसचा थकवा म्हणत बसतो. बाया वावरात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्याने लघवीचा संसर्ग होतो, संसर्गाने ताप, तापाने पुन्हा उथॉफचं चक्र. दिवसा भरपूर पाणी, झोपेच्या दोन तास आधी कमी, चहा चारनंतर बंद, आणि लघवीच्या त्रासावर औषधं असतात हे डॉक्टरांना लाज सोडून विचारणं, एवढ्यानेच कित्येकांची झोप परत येते.

उपसा किती, साचायला वेळ किती

बारीक झऱ्याच्या विहिरीवर मोटर सलग चालवली तर तासाभरात तळ लागतो, गाळ ओढला जातो, मोटर जळते, आणि पाणी साचायला दोन दिवस जातात. तीच मोटर अर्धा तास चालवून दोन तास थांबवली तर दिवसभरात जास्त पाणी मिळतं. एमएसच्या थकव्यात ऊर्जा राखण्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे आणि ते गटागटाने शिकवलं की उपयोग होतो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. अडचण अशी की चांगल्या दिवशी रुग्ण मागे पडलेलं सगळं उरकायला जातो. मग दोन दिवस अंथरूण. घरच्यांना तो चांगला दिवस आठवतो आणि बाकीचे दोन दिवस नाटक वाटतात.

सुरुवात सात दिवसांच्या नोंदीने करावी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज चार वेळा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपताना, थकव्याला शून्य ते दहा गुण आणि शेजारी त्या वेळेचं काम. आठवड्यात उतार दिसायला लागतो: किती मिनिटांनी गुण ६च्या वर जातात, हा आपला तळ. काम त्याच्या साधारण दोन तृतीयांश वेळेवर थांबवायचं. तीस मिनिटांत तळ लागत असेल तर विसाव्या मिनिटाला बसायचं, दमल्यावर नाही.

कापूस वेचणीचं उदाहरण घ्या. दहिवर उडाल्याशिवाय वेचणी सुरू होत नाही, म्हणून कामाची थंड वेळ मुळात आखूड, आठ ते साडेदहा. मजुरी किलोवर, त्यामुळे ओटी गच्च भरेपर्यंत कोणी थांबत नाही, आणि कमरेला चार-पाच किलो बांधून वाकणं हे एमएसच्या पाठीला व पायांना सगळ्यात महाग पडतं. दोन किलोवर ओटी रिकामी करावी, वीस मिनिटं वेचून दहा मिनिटं धुऱ्यावरच्या झाडाखाली पाय लांब करून बसावं, पाण्याचा कॅन आणि दुपट्टा तिथेच. गाठोडं डोक्यावरून दुसऱ्याने न्यावं. घरचं वावर असेल तर हे जमतं. रोजंदारीत अवघड आहे, आणि तिथे वेचणी सोडून सावलीतलं, बसून करायचं काम, तूर निवडणं, बियाणं साफ करणं, मागून घेणं हाच शहाणपणा.

स्वयंपाकघरात चूल आणि भाकरी हे दोन मोठे उपसे. चुलीपुढचा जाळ उन्हाइतकाच घातक. दिवसाच्या भाकरी पहाटेच्या गारव्यात, पीठ कोणी मळून दिलं तर उत्तम, आणि ओट्याशी उभं राहण्याऐवजी उंच स्टुलावर बसून. अंगणवाडीचं रजिस्टर, बँकेचा अर्ज, बचत गटाचा हिशोब अशी डोक्याची कामं दहाच्या आत. दुपारी तेच आकडे तीनदा मोजावे लागतात. दुपारची झोप वीस ते तीस मिनिटं. दोन तास झोपलं की रात्रीची झोप मोडते.

आता उलटं वाटेल असं: व्यायाम थकवा कमी करतो. एमएससाठी २०१३मध्ये कॅनडात आलेल्या मार्गदर्शक सूचना आठवड्यातून दोनदा ३० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम सांगतात. इथे तो पहाटे साडेपाचला, आधी अंग निववून, पाच मिनिटांच्या चालण्याने सुरू करावा आणि आठवड्याला एखाद-दोन मिनिटं वाढवावा. व्यायामानंतर अर्धा-पाऊण तास पाय जड राहिले तर घाबरण्याचं कारण नाही. दुसऱ्या दिवशीही अंग उचलेना तर मात्र एक चतुर्थांश कमी करावा.

गोळ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये. अमॅन्टाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही तिन्ही औषधं वर्षानुवर्षं लिहून दिली जातात. २०२१मध्ये १४१ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले, तेव्हा तिन्हींपैकी एकही औषध बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, त्रास मात्र जास्त झाला. एखाद्याला फरक पडतोही, पण महिन्याभरात पडला नाही तर चालू ठेवण्यात अर्थ नाही. मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे बायकांना सांगितलंच पाहिजे.

मन आणि कागद

थकलेल्या माणसाला करायचं असतं आणि अंग साथ देत नाही. उदास माणसाला करावंसंच वाटत नाही. एमएसमध्ये दोन्ही एकत्र नांदतात, सुमारे निम्म्या रुग्णांना कधी ना कधी नैराश्य येतं, आणि ते बरं केलं की थकवाही हलका होतो. दोन आठवडे मन खिन्न आणि आवडत्या गोष्टीतला रस गेलेला असेल तर डॉक्टरांशी बोलावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर गावातूनही लागतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वतंत्रपणे आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करून तपासणीला जिल्ह्याच्या मंडळापुढे जावं लागतं. सरकारी नोकरीत असाल तर कामाची वेळ सकाळची, बसायची जागा कूलरजवळ, अशा वाजवी सोयी मागण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे.

नागपूरला किंवा सेवाग्रामला तपासणीसाठी जाताना पहिली एसटी धरावी, आदल्या आणि दुसऱ्या दिवशी कुठलंही काम ठेवू नये, आणि ते कॅलेंडरचं पान सोबत न्यावं. डॉक्टरांपुढे "थकवा येतो" एवढंच म्हटलं तर "सगळ्यांनाच येतो" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी सांगावं: सकाळी सातला विहिरीपासून घरापर्यंत दोन घागरी न थांबता आणते, अकराला एक घागर आणताना दोनदा बसते, डावा पंजा घासतो, अंग ओलं करून अर्धा तास पडलं की पुन्हा जमतं, रात्री चारदा उठते. एवढ्यात ऊन, पाय, मूत्राशय आणि झोप, चारही गोष्टी त्यांच्या कागदावर येतात.